सहावा बुटका

१

शेवटची डबी उरली होती आणि टेबलाभोवती सतरा माणसं श्वास रोखून उभी होती.

ती डबी स्टिअरिंगच्या हातात होती. स्टिअरिंग म्हणजे बसचालक. हे नाव त्याला खेळातल्या मंडळींनीच दिलेलं. त्याने झाकणावरची चकचकीत पट्टी नखाने सोलली आणि आतले चार पुतळे एकेक करून टेबलावर मांडले. एक बुटका भालेवाला, एक जखीण, एक दगडी राक्षस आणि पुन्हा एक जखीण.

"नाही," तो म्हणाला. "याही खोक्यात नाही."

दुकानदारीण काउंटरला टेकून उभी होती. सगळे तिला सेनापती म्हणायचे, कारण रविवारच्या लढायांमध्ये वाद झाला की निवाडा तीच द्यायची.

तिच्या दुकानात बोटभर उंचीचे पुतळे मिळत. जादूगार, राक्षस, बुटके लढवय्ये, पंखवाले, शेपटीवाले. ते घेऊन लोक मोठ्या टेबलावर मांडलेल्या डोंगरदऱ्यांत लढाया खेळत. पुतळे घ्यायच्या दोन तऱ्हा होत्या. काचेच्या कपाटातून हवा तो सुटा निवडून घ्यायचा, नाहीतर सीलबंद डबी घ्यायची. डबीत चार पुतळे, पण कुठले ते नशिबावर. एका खोक्यात अशा चोवीस डब्या येत आणि त्या चोविसांपैकी एकीत हमखास गरुडस्वार असायचा. पसरलेल्या पंखांवर बसलेली राणी. या संचात उडणारी एवढी एकच, म्हणून ती पारदर्शक दांडीवर हवेत अधांतरी उभी राही. तिच्यासाठी लोक जीव टाकत.

खोकं गुरुवारी उघडायचं. काही डब्या लोक घरी नेत आणि उरलेल्या रविवारी सगळ्यांसमोर फोडल्या जात. सलग तिसऱ्या खोक्यात गरुडस्वार निघाला नव्हता.

"मग हा कुठून आला?" स्टिअरिंगने काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. वरच्या फळीवर एक गरुडस्वार पंख पसरून उभा होता, सुटा, विकायला.

"तो माझा होता," दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "थंडीत मला दोन मिळाले, तेव्हा एक मी दुकानाला दिला."

"तुम्ही म्हणणारच. तुम्ही इथल्या घरच्या," स्टिअरिंग म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. "सेनापती, मी सरळ विचारतो. डब्यांतले चांगले पुतळे काढून कपाटात सुटे विकले जातात का?"

आठ वर्षं जी माणसं आपल्या शब्दावर हार-जीत मान्य करत आली, ती आता आपल्याकडे न बघता टेबलाकडे बघतायत, हे सेनापतीला दिसत होतं.

"पुढच्या रविवारपर्यंत शोधून काढते," ती म्हणाली. "नाही जमलं तर डब्या बंद. आणि हे टेबलही उचलते. ज्या टेबलावर माझा शब्द चालत नाही, ते ठेवून करायचंय काय?"

२

सोमवारी सकाळी तिने मावशीला बोलावून घेतलं.

मावशी दोन गल्ल्या सोडून राहायची. तिने तीस वर्षं परीक्षा विभागात काढली होती. सीलबंद प्रश्नपत्रिका कपाटात ठेवायच्या, वेळेवर बाहेर काढायच्या, आणि तरीही त्या फुटल्या तर कशा फुटल्या ते शोधायचं. निवृत्त झाल्यापासून तिला असं काही शोधायला मिळालं नव्हतं, त्यामुळे ती जवळजवळ धावतच आली.

तिने दुसऱ्या एका संचातल्या, तशाच पट्टीच्या दोन बंद डब्या उजेडात धरून पाहिल्या. एकीची पट्टी सोलली, परत चिकटवून बघितली. पट्टीवर पांढऱ्या रेघा उमटल्या.

"ही उघडून परत लावता येत नाही," ती म्हणाली. "म्हणजे कोणी सील फोडलेलं नाही. कोणीतरी बंद डबी बाहेरूनच ओळखतोय, ती रीतसर विकत घेऊन घरी नेतोय आणि आपल्याला काही मिळालं नाही असं सांगतोय. प्रश्नपत्रिकांचंही असंच व्हायचं बघ. पाकीट जिथल्या तिथे आणि मजकूर गावभर."

"पण ओळखणार कसा? वजनावरून नाही कळत. आत पुठ्ठे घालून सगळ्या डब्या सारख्या वजनाच्या करतात, मी तोलून पाहिल्यात."

"कसं ते नंतर. आधी कोण. गुरुवारी खोकं कोण उघडतं?"

"धाकटा."

धाकटा म्हणजे सेनापतीचा भाऊ. दुकानात त्याची निम्मी भागीदारी होती. माल भरणं, मांडणं, हिशेब ठेवणं सगळं तो बघायचा. त्याला डब्या मुळीच आवडत नसत. या एका गोष्टीवरून बहीणभावांत वर्षभर धुसफूस चालली होती. त्याचं म्हणणं, माणसाने बघून, पसंत करून सुटा पुतळा घ्यावा. तिचं म्हणणं, डबी फोडतानाची धडधड काढून टाकली तर दुकानात उरलं काय.

"आणि गुरुवारी सकाळी गिऱ्हाईक कोण कोण असतं?"

"दोघंच. डॉक्टरबाई दवाखान्यात जाण्याआधी येतात. आणि सूरवाले काका."

मावशीने पदर खोचला. "डब्यांवरून लोकांचा विश्वास उडाला तर फायदा कोणाचा?"

सेनापतीला उत्तर माहीत होतं.

"मग तुझ्या भावापासूनच सुरुवात करू," मावशी म्हणाली.

३

धाकटा मागच्या खोलीत शिडीवर चढून फळ्या लावत होता. मावशीने त्याला खाली उतरवलं नाही. तो वर, या दोघी खाली.

"तुला डब्या बंद व्हायला हव्यात ना रे?"

"हव्यात," तो म्हणाला. "लपवतोय कुठे? मागच्या महिन्यात एक बाई आल्या होत्या. मुलीला जादूगार हवा होता, फक्त जादूगार. ताईने त्यांना चार डब्या दिल्या. एकीतही जादूगार नाही. मी म्हणालो, कपाटात सुटा आहे, तो घ्या. तर ताई माझ्यावरच डोळे वटारते."

"मी डोळे वटारले नव्हते," सेनापती म्हणाली.

"वटारले होतेस."

"पुढे," मावशी म्हणाली.

"पुढे काय? मला डब्या बंद पाडायच्या असत्या तर मी ताईशी भांडून पाडल्या असत्या, मावशी. चोरून कशाला? ताईवर आळ येईल असं मी करेन?" त्याने शिडीवरूनच दुकानाकडे बोट दाखवलं. "आणि भिंतीवरचा फळा मीच लावला ना. चोराने असा फळा लावला असता?"

तो फळा सेनापती रोज पाहायची, म्हणून आता तिचं त्याच्याकडे लक्षही जात नसे. ज्याने डबी घेतली त्याने आपल्याला कुठले चार पुतळे मिळाले ते चिठ्ठीवर लिहून तिथे टाचायचं. म्हणजे नको असलेले पुतळे एकमेकांत बदलून घेता येतात. चिठ्ठी लावल्याशिवाय रविवारच्या खेळात जागा मिळत नसे, त्यामुळे एकूण एक डबीची चिठ्ठी लागायचीच.

मावशीने मान हलवली. "बरं. तुला कोणाचा संशय?"

धाकटा शिडीवरून दोन पायऱ्या उतरला. "संशय घेणं वाईट दिसतं. पण गेल्या गुरुवारी डॉक्टरबाई चष्मा शोधत होत्या. पर्समधलं सगळं काउंटरवर काढलं. त्यात एक एक्स-रे होता."

"दातांच्या डॉक्टरकडे एक्स-रे असणारच."

"दाताचा नव्हता, मावशी. आपल्या डबीचा होता."

४

डॉक्टरबाईंचा दवाखाना कोपऱ्यावरच होता. दोन रोग्यांच्या मधल्या वेळात त्यांनी दोघींना आत घेतलं, आणि मावशीने एक्स-रे म्हणताच त्या इतक्या हसल्या की तोंडावरचा मास्क खाली घसरला.

"सापडले म्हणायची मी," त्या म्हणाल्या आणि पर्समधून ती छोटीशी काळी फिल्म काढून दिव्यासमोर धरली. "बघा. सांगा, यात कोण कोण आहे?"

सेनापतीने डोळे बारीक केले. चौकोनी कड दिसत होती. आत राखाडी ढगाचे चार पुंजके, एकमेकांत मिसळलेले. बुटका कुठला आणि राक्षस कुठला, देवाला ठाऊक.

"प्लास्टिक आहे हो ते. दाताइतकं उठून दिसत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि डबी मी आधी घेतली, मग हा उद्योग केला. तुमच्या दुकानात मी यंत्र घेऊन येऊ का?"

"मग केलं कशाला?" मावशीने विचारलं.

"गंमत म्हणून. एकदाच. आणि इतका पश्चात्ताप झाला म्हणून सांगू." त्या खुर्चीच्या हातावर बसल्या. "दिवसभर मी लोकांच्या तोंडात काय निघणार ते आधी फोटोत बघते. आठवड्यात एक तरी वस्तू मला न बघता उघडायची असते. म्हणून मी डबीच घेते. सुटा पुतळा मी आयुष्यात घेतलेला नाही."

बाहेरून कोणीतरी कण्हलं. डॉक्टरबाई उठल्या, पण दारात थांबून म्हणाल्या, "काकांना विचारलंत? तेही आताशा डब्या घेतात. मला तर नवलच वाटलं."

रस्त्यावर आल्यावर मावशीने सेनापतीचा दंड धरला. "नवल का वाटलं त्यांना?"

सेनापती चालता चालता थबकली. डॉक्टरबाई म्हणाल्या ते खरंच होतं, आणि तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. सूरवाले काका सहा वर्षांपासूनचे गिऱ्हाईक. इतकी वर्षं त्यांनी फक्त सुटे पुतळे घेतले. एका जादूगारासाठी अर्धा अर्धा तास कपाटासमोर उभे राहायचे, चष्मा कपाळावर चढवून, हा डावीकडे बघतोय, तो जरा जास्त रागीट आहे, असं करत. डब्यांना ते हात लावत नसत. आणि दोन महिन्यांपूर्वी त्यांनी अचानक पहिली डबी घेतली होती.

"दोन महिन्यांपूर्वी," मावशी म्हणाली. "तीन खोक्यांपूर्वी."

५

सूरवाले काका पियानो सुरात लावायचे. शहरातल्या सभागृहांचे, शाळांचे, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतले. त्यांच्या कारखान्यात एक पियानो उघडा पडला होता, आतल्या तारा आणि लाकडी हातोड्या बाहेर दिसत होत्या. काका त्याच्यासमोर स्टुलावर बसलेले. खिडकीतल्या फळीवर त्यांची फौज शिस्तीत उभी होती. प्रत्येक पुतळा त्यांनी स्वतः रंगवलेला.

"या, सेनापती. या, बसा," ते म्हणाले. "रविवारचं फार मनाला लागलं मला. स्टिअरिंगने असं बोलायला नको होतं."

मावशी त्यांच्या डाव्या हाताला बसली, सेनापती उजव्या. मावशीने इकडचं तिकडचं विचारलं, काका मजेत उत्तरं देत होते. मग सेनापतीने विचारलं, "काका, गुरुवारी सकाळी तुम्हाला कोणी डब्यांपाशी रेंगाळताना दिसलं का?"

"हो, हो, लावून झाला की उद्याच पोचवायचाय," काका म्हणाले आणि पियानोवर थोपटलं.

सेनापतीला वाटलं, टाळताहेत. काकांसारखा माणूस प्रश्न टाळतो?

मावशीने मात्र तोच प्रश्न आपल्या बाजूने पुन्हा विचारला, आणि काकांनी लगेच सांगितलं, की नाही, कोणी दिसलं नाही.

"मी सगळ्यांना एकच विचारतेय," मावशी म्हणाली. "सुटा की डबी? तुमचं काय?"

"आता डबी."

"का बरं?"

काकांनी एक हातोडी उगाच पुसली. "वय झालं. निवडत बसायचा कंटाळा येतो."

मावशीने खिडकीतल्या फौजेकडे पाहिलं. प्रत्येक बुटक्याच्या दाढीत तीन तीन छटा होत्या. कंटाळा येणाऱ्या माणसाचं ते काम नव्हतं. नमस्कार करून दोघी निघाल्या.

परतताना दुकानाच्या पायरीवर मावशी एकदम वळली. तिचे डोळे चमकत होते.

"खोक्यांची झाकणं टाकून दिलीत का गं?"

"धाकटा काही टाकत नाही. का?"

"झाकणावर आत काय काय आहे ते छापलेलं असतं का?"

६

असतं. धाकट्याने झाकण आणलं आणि मोठ्याने वाचलं. "साधे पुतळे एकोणीस प्रकारचे, प्रत्येकी पाच. दुर्मिळ पुतळा एक."

"एकोणीस पंचे पंच्याण्णव," मावशी म्हणाली. "आणि एक दुर्मिळ. शहाण्णव. चोवीस डब्या, प्रत्येकीत चार, शहाण्णवच. आता कोणाला गरुडस्वार मिळाला आणि त्याने तो लपवला, तर त्याला चिठ्ठीत त्याच्या जागी काय लिहावं लागेल?"

"दुसरं काहीतरी," सेनापती म्हणाली. "एखादा साधा."

"आणि मग तो साधा किती वेळा येईल?"

धाकट्याने तोंडावर हात ठेवला. "सहा. कंपनीने पाचच घातलेत आणि फळ्यावर सहा दिसतील."

तिघांनी फळ्यावरच्या चिठ्ठ्या उतरवल्या आणि खोक्यागणिक वेगळ्या करून टेबलावर पसरल्या. ज्या टेबलावर डोंगरदऱ्या मांडायच्या तिथे आता चिठ्ठ्यांची फौज उभी राहिली. धाकटा वाचायचा, सेनापती रेघा ओढायची, मावशी मध्येच "थांब, परत" म्हणायची. दगडी राक्षस पाच. जखीण पाच. घुबडजादूगार पाच. अकरा प्रकार झाले, बारा झाले, सगळे पाच पाच.

"बुटका भालेवाला," धाकटा म्हणाला. "तीन. चार. पाच." त्याने पुढची चिठ्ठी उचलली आणि मनातल्या मनात दोनदा वाचली.

"वाच ना," सेनापती म्हणाली.

"सहा."

तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. इतके दिवस हे उत्तर भिंतीवर टाचलेलं होतं आणि ती रोज त्याच्याखाली बसून चहा पीत होती.

पहिल्या खोक्यात सहावा होता बुटका भालेवाला. दुसऱ्यात सहावी जखीण निघाली आणि तिसऱ्यात सहावा घुबडजादूगार. बाकी सगळे प्रकार बरोबर पाच पाच.

"खोटं बोलणाऱ्याने चारातलं एकच बदललंय, तीन खरे लिहिलेत," मावशी म्हणाली. "सवय नाही त्याला खोट्याची. आता पहिल्या खोक्यात बुटका लिहिणाऱ्यांची नावं काढ."

सहा नावं निघाली. त्यातल्या दोघांनीच दुसऱ्या खोक्यात जखीण लिहिली होती, डॉक्टरबाई आणि सूरवाले काका. तिसऱ्या खोक्यात घुबडजादूगार लिहिणाऱ्यांत डॉक्टरबाई नव्हत्या.

धाकट्याने तिसरी चिठ्ठी टेबलावर ठेवली. बारीक, वळणदार अक्षर. खाली सही ऐवजी नेहमीचं छोटंसं चित्र, पियानोच्या तीन पट्ट्या.

"काका?" सेनापती म्हणाली. "मला नाही पटत."

"ही खूण झाली. पुरावा नाही," मावशी म्हणाली. "पुरावा तोच देईल. पण त्याला विचारायला तू एकटी जा. मी गेले तर त्याला परीक्षा वाटेल."

७

सेनापती शनिवारी सकाळी गेली. या वेळी ती त्यांच्या डाव्या हाताला बसली.

तिने काही विचारलंच नाही. तिन्ही चिठ्ठ्या पियानोच्या कडेवर ओळीने ठेवल्या आणि बुटका, जखीण, घुबडजादूगार या शब्दांवर बोट ठेवत गेली. काकांनी चष्मा कपाळावर चढवून तिन्ही वाचल्या. मग उठले, खिडकीपाशी गेले आणि फौजेच्या मागून तीन गरुडस्वार काढून तिच्यासमोर ठेवले. तिन्ही न रंगवलेले. इतक्या देखण्या पुतळ्यांना त्यांनी रंगाचा हातसुद्धा लावला नव्हता.

"मला ते नकोच होते गं," ते म्हणाले.

"मग?"

"पहिली डबी मी सहज उचलली होती. कपाटाकडे निघालो होतो, वाटेत कोपर लागून डब्यांच्या टोपलीतली एक हलली, आणि मला आत काहीतरी वेगळं वाजलेलं ऐकू आलं. बाकीच्या नुसत्या खडखडतात. हिच्यात एक बारीक टिचकी होती. ती पारदर्शक दांडी सुटी असते ना, ती आतल्या भिंतीला लागते." ते थांबले. "सेनापती, त्याच्या आदल्या दिवशी मी इस्पितळातून पळून आलो होतो. कानाची तपासणी अर्धवट टाकून. त्यांनी डब्यासारख्या खोलीत बसवलं, कानाला ते लावलं, आणि म्हणाले, आवाज आला की बटण दाबा. मी वाट बघत बसलो. काचेपलीकडे ती बाई लिहीत होती, मी काहीच दाबत नव्हतो, आणि ती लिहीतच होती."

सेनापतीने आपलं स्टूल त्यांच्याजवळ ओढलं.

"उजवा कान गेलाच आहे. डावाही जाऊ लागलाय. पियानो लावणाऱ्या माणसाचा कान जातो म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आणि त्यातच ती टिचकी मला ऐकू आली. चोवीस डब्यांतली एक मी कानाने काढली. मला वाटलं, इस्पितळ चुकतंय. मग पुढच्या खोक्याला परत. ही परीक्षा मीच काढायचो, मीच द्यायचो आणि पास व्हायचो."

"पण लपवलंत कशाला? नुसतं सांगितलं असतंत तरी..."

"सांगितलं असतं तर तुम्ही डब्या हलवायला बंदी केली असती. बरोबरच आहे. मग मी कशावर पास झालो असतो?" त्यांनी हात जोडले नाहीत, नुसते मांडीवर ठेवले. "तुझ्यावर आळ येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. रविवारी आला तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडवेना. उद्या सगळ्यांसमोर सांगतो."

"तिसऱ्या वेळेला कितपत सोपं गेलं?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "पाऊण तास लागला," ते म्हणाले.

८

रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बातमी फुटली नव्हती, पण वास सगळ्यांना लागला होता.

काकांनी तीन गरुडस्वार टेबलावर मांडले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. इस्पितळासकट. आवाज कुठे कापला नाही. त्यांचं बोलून झाल्यावर स्टिअरिंग आधी सेनापतीकडे वळला.

"मी तुम्हाला नको ते बोललो," तो म्हणाला. "माफ करा."

"केलं," ती म्हणाली.

मग तो काकांकडे वळला. सगळ्यांना वाटलं, आता हा त्यांना सोलून काढणार. पण बसचालकाच्या डोळ्यांत भलतंच काहीतरी चमकत होतं. "खरंच कानाने ओळखता? बंद डबी?"

"ओळखायचो."

"दाखवा."

एकच गलका उठला. दाखवा, दाखवा. धाकट्याने नवं खोकं आणलं, ते सगळ्यांसमोर फोडलं आणि चोवीस डब्या टेबलावर चार रांगांत लावल्या. मावशीने, जणू परीक्षेची घंटा झाली अशा आवाजात, सगळ्यांना गप्प केलं. मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवर चढली.

काकांनी पहिली डबी डाव्या कानाशी धरून हलवली. बाजूला ठेवली. दुसरी. तिसरी. दहाव्या डबीपाशी त्यांच्या कपाळावर घाम दिसू लागला. चोवीस झाल्या, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. सेनापतीने बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, डबीत काय निघणार याची धास्ती घेतली होती. आता निघू दे, एवढंच ती मनात म्हणत होती.

दुसऱ्या फेरीत मध्येच काका थांबले. त्यांनी डबी कानापासून खाली आणली. मग डोळे मिटले आणि पुन्हा पहिलीपासून एकेक डबी छातीपाशी, दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळूच डोलवू लागले. एक. दोन. पाचवी डबी त्यांनी तशीच धरून ठेवली. मग ती स्टिअरिंगच्या पुढ्यात ठेवली.

स्टिअरिंगने पट्टी सोलली. बुटका. राक्षस. घुबडजादूगार. आणि मग पसरलेले पंख.

दुकानाच्या काचा हादरतील असा आरडाओरडा झाला. स्टिअरिंगने काकांना उचललंच. धाकटा आणि सेनापती एकमेकांचे खांदे धरून नाचत होते आणि वर्षभराची धुसफूस त्या क्षणी दोघांनाही आठवत नव्हती. तिथल्या तिथे नियम ठरला, की डबी आता कोणी हातात घेऊन निवडायची नाही, आकडा काढायचा आणि त्या आकड्याची डबी घ्यायची. कपाटही टोपलीच्या शेजारी आणून ठेवायचं, म्हणजे ज्याला नुसता जादूगार हवा त्याला नुसता जादूगार मिळेल. आणि काकांकडचे तीन गरुडस्वार कोणाच्याच मालकीचे नाहीत, ते या टेबलाचे, ज्याला खेळायचं त्याने खेळावं. मावशीने तेवढ्यात आकडा काढून स्वतःसाठी एक डबी घेतलीसुद्धा.

गर्दी टेबलाकडे सरकली तसे काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. सेनापतीने त्यांना पाणी दिलं.

"पास," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. "मला आज काही ऐकू आलं नाही गं. पहिल्या फेरीत चोवीसच्या चोवीस डब्या सारख्या. टिचकी कुठेच नाही."

"मग कसं..."

"बोटांना कळलं. दांडी भिंतीला लागते तेव्हा पुठ्ठ्याला एक बारीक झिणझिण येते." त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्या कोणाची होती. "कान गेला, सेनापती. इस्पितळ बरोबर होतं."

डॉक्टरबाई मागे उभ्या होत्या हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. "तपासणी अर्धवट टाकून आलात ना?" त्या म्हणाल्या. "कानाच्या मागे, हाडावर काही लावलं होतं का त्यांनी?"

"नाही. त्याच्या आधीच उठलो."

"तुमच्याकडे ते असतं ना, सूर बघायचं, दोन दांड्यांचं?"

काकांनी खिशातून नादकाटा काढला. डॉक्टरबाईंनी तो टेबलाच्या कडेवर वाजवला आणि त्यांच्या उजव्या कानासमोर, केसभर अंतरावर धरला. काकांचा चेहरा कोराच. डॉक्टरबाईंनी तो पुन्हा वाजवला, आणि या वेळी त्याचं बूड कानामागच्या हाडावर टेकवलं.

"मी कानांची डॉक्टर नाही. पण जबड्याच्या हाडातून काय काय ऐकू जातं ते मला रोज रोगी सांगतात," त्या म्हणत होत्या. "आतला कान शाबूत असेल तर हाडावरून ऐकवणारी यंत्रं असतात. उद्या सकाळी मी स्वतः तुम्हाला घेऊन..."

काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांनी डोळे मिटले होते. टेबलाभोवती लोक ओरडत होते, खुर्च्या सरकत होत्या, मावशी आपली डबी फोडून कोणालातरी जखीण दाखवत होती. काका या सगळ्यापासून फार लांब, मान किंचित कलती करून बसले होते. सहा वर्षं कपाटासमोर पुतळा निवडताना ते असेच उभे राहायचे.

नादकाट्याची थरथर विरत गेली. ती पुरती थांबेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"सूर लागला," ते म्हणाले.